पाणथळ जागा नुसती पाण्याने भरून का भागत नाही?

दरवर्षी २ फेब्रुवारीच्या आगेमागे एक बातमी हमखास येते: देशात आणखी काही ‘रामसर स्थळं’ जाहीर. १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून हे नाव पडलं. भारतात अशी स्थळं आता ८० च्या वर गेली आहेत. महाराष्ट्रात २०२० मध्ये निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर पहिलं ठरलं, त्याच वर्षी लोणार आलं, २०२२ मध्ये ठाणे खाडी. नाव जाहीर होतं, फ्लेमिंगोंचा फोटो छापून येतो आणि विषय मिटतो.

याच कराराची आणखी एक नोंदवही आहे, तिची बातमी फारशी होत नाही. तिला माँट्रो नोंदवही म्हणतात. ज्या रामसर स्थळांची तब्येत बिघडली आहे किंवा बिघडू घातली आहे, त्यांची नावं तिच्यात जातात. त्यात भारतातली दोन नावं आहेत. एक मणिपूरचं लोकटाक सरोवर आणि दुसरं राजस्थानातल्या भरतपूरचं केवलादेव. केवलादेव १९८१ मध्ये भारताच्या पहिल्या दोन रामसर स्थळांपैकी एक होतं, १९८५ मध्ये ते जागतिक वारसा ठरलं आणि १९९० मध्ये या नोंदवहीत गेलं. कारणं दोन लिहिली गेली: पाण्याची टंचाई आणि चराईचं बिघडलेलं गणित.

नांदूरमध्यमेश्वरला आपण कौतुकाने ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतो. मग मूळ भरतपुरात काय घडलं हे आपल्याला नीट माहीत असायला हवं. कोरड्या मुलखातली पाणथळ कशावर जगते, कशाने मरते आणि पुन्हा उभी करायची म्हणजे नेमकं काय करायचं, याचा इतका स्वच्छ धडा देशात दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आधी हे समजून घेऊ: पाणथळ म्हणजे तळं नव्हे

पाणथळ म्हणजे अशी जमीन, जी वर्षातला काही काळ किंवा सगळा काळ उथळ पाण्याखाली असते किंवा पाण्याने चिंब असते. ‘काही काळ’ आणि ‘उथळ’ हे त्यातले कळीचे शब्द. बारमाही पावसाच्या प्रदेशात दलदल वर्षभर ओली राहू शकते. कोरड्या आणि निमकोरड्या प्रदेशात मात्र तीन-चार महिने पाणी चढतं, मग सहा-सात महिने ते उतरत जातं आणि उन्हाळ्यात तळाला भेगा पडतात. हे चढणं-उतरणं हाच तिथल्या जिवांचा दिनक्रम.

पाण्याच्या कडेला थोडा वेळ बसून पाहिलं की उथळपणाची किंमत कळते. अगदी काठाला, दोन बोटं पाण्यात, तुतारी चिखलात चोच खुपसत पळत असते. थोडं आत, लांब गुलाबी पायांचा शेकाट्या. त्याच्या पुढे वीतभर खोलीवर थापट्या बदकं रुंद चोचीने पाणी चाळत असतात. गुडघाभर पाण्यात चित्रबलाक अर्धी उघडी चोच बुडवून मान डावीकडून उजवीकडे फिरवतो. त्याला गढूळ पाण्यात मासा दिसत नाही. मासा चोचीला लागला की ती मिटते. पाणी आणखी हातभर वाढलं तर यातले बहुतेक पक्षी तिथे जेवूच शकत नाहीत.

म्हणून पाणी किती आहे याइतकेच आणखी तीन प्रश्न विचारावे लागतात. ते कधी आलं, किती दिवस टिकलं आणि कधी ओसरलं? पाणथळीचं व्यवस्थापन म्हणजे मुख्यतः या तीन तारखा सांभाळणं.

भरतपूर माणसानेच घडवलं

केवलादेव उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. त्यातला साधारण तिसरा हिस्सा पाण्याखाली येतो, बाकी गवताळ आणि झाडोऱ्याची जमीन. इथे वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक पावसाळ्याच्या मोजक्या दिवसांत. एवढ्यावर असं पाणी साचून राहणं शक्य नव्हतं.

अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पाणी अडवणारा अजान बांध झाला. मूळच्या सखल जागेत त्याचं पाणी यायला लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे आतले बांध, चाऱ्या आणि दरवाजे बांधले गेले, ते बदकांच्या शिकारीसाठी. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. उद्यानातल्या दगडावर असे शिकारींचे आकडे कोरलेले आजही आहेत.

शिकारीसाठी का होईना, पण त्या बांधकामामुळे एक गोष्ट साधली. सगळा पाणसाठा कप्प्यांमध्ये विभागला गेला आणि प्रत्येक कप्प्याची पातळी वेगळी ठेवता येऊ लागली. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर बरगे घालणं-काढणं आपल्याकडे शेतकऱ्याला सवयीचं आहे. भरतपुरातलं रोजचं कामही तसंच आहे. या कप्प्यात पाणी घ्या, त्या कप्प्यातलं उतरू द्या, तिसरा यंदा लवकर कोरडा पडू द्या.

पाणी जुलै-ऑगस्टमध्ये वेळेवर आलं, तर पाण्यात उभ्या बाभळींवर चित्रबलाक घरटी बांधतात. झाडाभोवती पाणी असलं की जमिनीवरून येणाऱ्या शिकारी प्राण्यांपासून बरंच रक्षण होतं. पिल्लं मोठी होतात तसं पाणी ओसरतं, मासे थोड्या जागेत दाटतात आणि भरवणं सोपं जातं. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकं आणि पट्टकादंब येतात तेव्हा उथळ पाणी आणि कंदमुळं तयार असतात. महिनाभर उशीर झाला तर ही सगळी साखळी घसरते. दुष्काळी वर्षांत चित्रबलाकांनी तिथे घरटीच न केल्याच्या नोंदी आहेत.

म्हशी बाहेर काढल्या आणि गवताने पाणी गिळलं

१९८२ मध्ये केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं आणि आतली चराई बंद झाली. वन्यजीव कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात गुरं चालत नाहीत. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या त्या पाण्यात चरत होत्या. विरोध पेटला, गोळीबार झाला, माणसं मेली. चराई थांबली की पाणथळ सुधारेल असं त्या वेळच्या बहुतेक जाणकारांना वाटत होतं.

उलट घडलं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तिथे १९८० ते १९९० असा दीर्घ अभ्यास चालू होता. त्यात दिसलं की पाण्यात पसरणारं पॅस्पॅलम नावाचं गवत म्हशी खाऊन आणि तुडवून आटोक्यात ठेवत होत्या. त्या गेल्यावर गवताचा गालिचा वाढला, मोकळं पाणी आकसलं, मासे कमी झाले, कंद खाणाऱ्या आणि पोहणाऱ्या पक्ष्यांना जागा उरली नाही. दहा वर्षं माणसं पाण्यात उभी राहून मोजणी करत राहिली म्हणून हे कळलं. माझ्या मते पाणथळींबद्दल भारतात झालेल्या संशोधनातला हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष आहे, कारण तो त्या काळच्या सर्वमान्य समजुतीच्या विरुद्ध होता आणि तरी तसाच मांडला गेला.

याचा अर्थ वाटेल तितकी गुरं सोडा असा नाही. जिथे शेकडो वर्षं माणूस आणि जनावर पाणथळीत वावरले, तिथे त्यांचं काम काय होतं हे तपासल्याशिवाय त्यांना बाहेर काढू नये, एवढाच. पुढे गावकऱ्यांना परवाना देऊन गवत कापून न्यायची मुभा मिळाली. म्हशीची जागा विळ्याने भरून काढता येते, पण पुरेपूर नाही. म्हैस पाण्याखालचं गवतही ओढून खाते.

सायबेरियन क्रौंचाचं नाव इथे घ्यावं लागतं. सायबेरियातून येणारे हे पांढरेशुभ्र क्रौंच भारतात अखेरच्या काळात फक्त भरतपूरला येत. शेवटची जोडी २००१-०२ च्या हिवाळ्यात दिसली. प्रवासाच्या वाटेवरची शिकार हे त्यांच्या संपण्याचं मोठं कारण. भरतपूरच्या गवताने त्यांना संपवलं असं म्हणता येणार नाही. पण उरलेल्या मोजक्या पक्ष्यांची ताटातली कंदमुळंही त्या वर्षांत दुर्मीळ होत गेली.

वर धरण झालं, खाली पाणी थांबलं

गंभीर नदीवर वरच्या अंगाला, करौली जिल्ह्यात, पांचना धरण आहे. २००४ च्या सुमारास त्या पाण्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी हक्क सांगितला आणि भरतपूरकडे येणारं पाणी जवळजवळ थांबलं. सांडवा वाहण्याइतका पाऊस झाला तरच गंभीर खाली पोहोचायची.

केवलादेवची वर्षाची गरज सुमारे ५५० दशलक्ष घनफूट पाण्याची सांगितली जाते. आपल्या मापात बोलायचं तर साधारण अर्धा टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी आहे, त्यावरून अंदाज करा. तरीही कोरड्या वर्षात हा अर्धा टीएमसी राजस्थानात राजकारण हलवू शकतो, कारण वरच्या गावातल्या शेतकऱ्यासाठी तेच पाणी उद्याचं पीक असतं. त्या शेतकऱ्यांना खलनायक ठरवणं मला मान्य नाही. पाण्याचं वाटप ठरवताना पाणथळीचा वाटा आधीच लिहून ठेवला नव्हता, चूक तिथे झाली.

मग पर्याय शोधले गेले. गोवर्धन नाल्यातून पुराचं पाणी उचलून आणण्याची योजना २०१२ मध्ये पूर्ण झाली. चंबळच्या पिण्याच्या पाण्याच्या योजनेतून काही वाटा मिळाला. कूपनलिकाही चालल्या.

नळाचं पाणी आणि नदीचं पाणी: फरक काय पडतो?

बराच पडतो. पुराच्या पाण्याबरोबर मत्स्यबीज, शिंपले-गोगलगायी, पाणवनस्पतींच्या बिया आणि बारीक गाळ येतो. अजान बांधातून येणारं पाणी दर पावसाळ्यात कोट्यवधी माशांची पिल्लं उद्यानात सोडत असे. चित्रबलाकांच्या वसाहती त्यावर उभ्या होत्या. कूपनलिकेच्या किंवा पाइपलाइनच्या पाण्यात यातलं काही नसतं. जमीन ओली होते, जनावरं तहान भागवतात, पण जेवण येत नाही.

नाल्याच्या पाण्याची वेगळी अडचण. शेतातली खतं आणि गावांचं सांडपाणी त्यात मिसळू शकतं. जास्त पोषणद्रव्यं आली की जलपर्णी आणि पाणकणीस माजतात. आफ्रिकन मांगूरसारखा परका, खादाड मासा एकदा आत शिरला की देशी माशांची पिल्लं फस्त करतो. केवलादेवमध्ये तो शिरला आणि वन खात्याला त्याला पकडून काढण्याच्या मोहिमा घ्याव्या लागल्या. पाणी आटलेल्या काळात हे काम सोपं जातं. कोरडं पडण्याचे फायदे असे अनपेक्षित ठिकाणी मिळतात.

कोरडं पडणं हा रोग नव्हे

यावर वाचकांचा सहसा विश्वास बसत नाही, म्हणून थोडं थांबून सांगते. तळ उघडा पडला की त्यात हवा शिरते. वर्षभर साचलेला पालापाचोळा पाण्याखाली फार सावकाश कुजत होता, तो आता झपाट्याने कुजतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्यातली पोषणद्रव्यं पाण्यात मोकळी होतात. त्यावर शेवाळ, त्यावर कीटक, त्यावर मासे. लव्हाळ्यासारख्या कित्येक वनस्पतींच्या बिया उघड्या ओल्या चिखलावर चांगल्या रुजतात. जलपर्णी वाळून मरते.

वर्षानुवर्षं सारख्याच पातळीवर ठेवलेलं पाणी हळूहळू निकस होत जातं. कडेला पाणकणसाची भिंत आणि मधे थोडीच जीवसृष्टी उरते.

उजनीला भिगवणच्या बाजूला हे उघड दिसतं. धरण काठोकाठ असताना फ्लेमिंगो फारसे नसतात. पाणी उतरून चिखलाचे पट्टे उघडे पडले की ते येतात. त्याच उघड्या पडलेल्या जमिनीत धरणग्रस्त शेतकरी गाळपेर, म्हणजे ओल्या गाळात पेरणी, करतात. पक्षी आणि गाळपेर दोघंही पाणी उतरण्याच्या वेळेवर अवलंबून आहेत.

नदीकाठचं काय? कोलोरॅडोची गोष्ट

पाणथळीचं भावंड म्हणजे नदीकाठचा पट्टा. आपल्याकडे वाळुंज, उंबर, करंज, जांभूळ असलेला. कोरड्या प्रदेशात आकाराच्या मानाने फार जास्त जीव या चिंचोळ्या पट्ट्यात राहतात. तो पुन्हा उभा करण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिका आणि मेक्सिकोने मिळून केला.

कोलोरॅडो नदीवर विसाव्या शतकात एकामागून एक धरणं झाली. हूवर धरण १९३० च्या दशकात, सीमेवरचं मोरेलोस धरण १९५० मध्ये. सगळं पाणी वाटून घेतलं गेलं आणि मेक्सिकोतला तिचा त्रिभुज प्रदेश वाळला. बहुतेक वर्षी नदी समुद्राला मिळेनाशी झाली. तिथले मूळ वृक्ष कॉटनवुड आणि विलो. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्याच कुळातला. त्यांची बी फार थोडे आठवडे जिवंत राहते. तिला उघडी, ओली वाळू लागते आणि त्यानंतर भूजल दिवसाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या सावकाश उतरावं लागतं, म्हणजे कोवळं मूळ ओलीच्या मागे खाली जाऊ शकतं. धरणांनी नेमका हा वसंतातला पूर बंद केला.

दोन देशांत २०१२ मध्ये करार झाला आणि २३ मार्च २०१४ ला मोरेलोस धरणाचे दरवाजे उघडले. आठ आठवड्यांत सुमारे १३ कोटी घनमीटर, म्हणजे साडेचार टीएमसीच्या आसपास पाणी सोडलं. नदीच्या सरासरी वार्षिक प्रवाहाच्या एक टक्क्याहूनही हे कमी. आधी मोठा लोंढा, मग हळूहळू उतरता प्रवाह, बी पडण्याच्या हंगामाला जुळवून. सान लुईस रिओ कोलोरादो गावात लोक कोरड्या पात्रात जमून वाट पाहत होते. तिथल्या मुलांनी गावच्या नावातली नदी पहिल्यांदाच पाहिली. मे महिन्यात पाणी समुद्राच्या भरतीला जाऊन मिळालं.

या प्रयोगातून काय कळलं ते उत्सवाहून महत्त्वाचं. एक, बरंच पाणी सुरुवातीच्या पट्ट्यातच वाळूत मुरलं, कारण दशकांच्या उपशाने तिथलं भूजल खोल गेलं होतं. दोन, हिरवळ सगळीकडे वाढली, पण पुढच्या वर्षांत ओसरली. जिथे आधी परकी झुडपं काढून जमीन तयार केली होती आणि नंतरही पाणी दिलं गेलं, तिथेच झाडं टिकली. म्हणून २०१७ च्या पुढच्या करारात पद्धत बदलली. आता पाणी सिंचनाच्या कालव्यांतून थेट निवडलेल्या तुकड्यांपर्यंत नेलं जातं, कोरडं पात्र वगळून. शेतकऱ्याचा कालवा नदीकाठाच्या कामी आला.

अशा ठरवून सोडलेल्या पाण्याला पर्यावरणीय प्रवाह म्हणतात. आपल्याकडेही हा शब्द धोरणांत येऊ लागला आहे. तो दिसला की विचारावं: किती क्युसेक हे तर सांगितलं, पण कोणत्या आठवड्यात?

‘माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही पक्ष्यांचं काय सांगता?’

हा आक्षेप खरा आहे आणि तो घेणाऱ्याला गप्प बसवू नये. ज्या गावात टँकर येतो तिथे हा प्रश्न येणारच.

उत्तराचे तुकडे असे. पाणथळीला लागणारं पाणी बहुधा एकूण पाण्याचा अगदी छोटा हिस्सा असतं. आकडे वर दिले आहेत. तो हिस्सा पूर्ण गमावलाही जात नाही. उथळ पाणी मुरतं, आजूबाजूच्या विहिरींना आधार देतं, पुराचा पहिला तडाखा पसरवून घेतं. काठच्या माणसांना गवत, मासे, गाळपेर, पर्यटकांना फिरवणारी रिक्षा किंवा होडी मिळते. भरतपूरला सायकलरिक्षा चालवणारे कित्येकजण पक्ष्यांची नावं अभ्यासकांइतकी अचूक सांगतात. पाणी न आलेल्या वर्षी त्यांचाही हंगाम बुडतो.

तरीही तीव्र दुष्काळात पिण्याचं पाणी आधी, यात वाद नको. अशा वर्षी पाणथळ कोरडी राहील. तिला ते सोसतं. तिला सोसत नाही ते वीस वर्षं सलग कोरडं ठेवणं.

‘उथळ पाणी उन्हात उडून जातं. त्यापेक्षा खोल का करू नये?’

उडून जातं, हे बरोबर. पण हंड्यातलं पाणी परातीत ओतलं तर ते लवकर सुकतं म्हणून कोणी परातीत कणीक मळायची सोडून हंड्यात मळत नाही. साठवणीचं भांडं वेगळं, कामाचं वेगळं. पिण्यासाठी आणि सिंचनासाठी खोल साठे हवेतच. पाणथळ हे कामाचं भांडं आहे. तिची उथळ कड खणून खोल केली की पाणी जास्त मावेल आणि पाणथळ संपेल.

महाराष्ट्रात हाच धोका मला सर्वांत मोठा वाटतो. तलाव सुशोभीकरणाच्या नावाखाली कडेला दगडी पिचिंग होतं, त्यावर जॉगिंग ट्रॅक, मधे कारंजं. चिखलाची उतरती कड जाते, तिथे एकदम चार-पाच फूट पाणी लागतं. हळदीकुंकू बदकाला पिल्लं घेऊन वर चढायला जागा उरत नाही. गाळ काढून शेतात टाकण्याच्या योजनेला माझा विरोध नाही, शेतकऱ्याला तो गाळ हवाच आहे. खोल भागातून काढा, कडेचा उतार सोडा, इतकंच म्हणणं आहे.

‘मग झाडं तरी लावा!’

कुठली आणि कुठे, यावर अवलंबून. भरतपुरात पाणी कमी झाल्यावर कोरड्या पडलेल्या जमिनीवर वेडी बाभूळ पसरली. तिची मुळं खोल जातात, तिच्याखाली गवत उगवत नाही. ती काढायला गावकऱ्यांच्या समित्यांना बरोबर घेतलं गेलं. माणसांनी मुळासकट झाड काढायचं आणि लाकूड घरी न्यायचं. चराईबंदीने तुटलेला संबंध थोडा तरी जुळला, असं मला यात दिसतं.

मात्र परकं झाड दिसलं की उपटा, असा सरसकट नियम करता येत नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात टॅमरिस्क हे परकं झुडूप मारण्यासाठी त्याची पानं खाणारे भुंगेरे सोडले गेले. पण मूळचे विलो आधीच गेलेले असल्याने विलो फ्लायकॅचर या पक्ष्याची तिथली दुर्मीळ उपजात त्याच टॅमरिस्कमध्ये घरटी करू लागली होती. २०१० मध्ये तिथल्या कृषी विभागाने भुंगेरे सोडणं थांबवलं. आधी पर्यायी झाड उभं राहू द्या, मग परकं काढा, हा क्रम तिथे उशिरा कळला.

आणि पाणथळीच्या उघड्या चिखलावर, गवताळ काठावर वृक्षारोपण नकोच. ती जागा ओसाड दिसते, पण रिकामी नसते.

‘धरणामुळे झालेली जागा नैसर्गिक कशी?’

भरतपूर राजाच्या बांधामुळे झालं. नांदूरमध्यमेश्वर इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बांधलेल्या दगडी बंधाऱ्यामुळे. साचत गेलेल्या गाळाची बेटं झाली, त्यावर झुडपं आली, उथळ पाणी पसरलं आणि पाणथळ घडली. मेक्सिकोतली सिएनेगा दे सांता क्लारा ही तर अ‍ॅरिझोनातल्या शेतांचं खारट निचऱ्याचं पाणी १९७७ पासून वाळवंटात सोडल्यामुळे झाली. आज ती त्या त्रिभुज प्रदेशातली सर्वांत मोठी पाणथळ आहे. नद्या अडवून मूळच्या दलदली आपण संपवल्या. उरलेले पक्षी मिळेल त्या ओल्या जागी आले. पक्षी बांधकामाचा इतिहास तपासत नाहीत.

कायदा मात्र तपासतो. २०१७ च्या पाणथळ नियमांत व्याख्या करतानाच सिंचन, पिण्याचं पाणी, मत्स्यशेती, मीठ यांसाठी बांधलेले साठे वगळले आहेत. नद्यांची पात्रं आणि भातखाचरंही वगळली आहेत. महाराष्ट्राच्या पठारावर पाणपक्ष्यांच्या बहुतेक मोठ्या जागा सिंचनाच्या धरणांवरच आहेत. नांदूरमध्यमेश्वर आणि जायकवाडी अभयारण्य म्हणून जाहीर झालेली असल्याने त्यांना कवच आहे. बाकीच्या असंख्य पाझर तलावांना, बंधाऱ्यांच्या फुगवट्यांना ते नाही.

महाराष्ट्राच्या भरतपुरात

नांदूरमध्यमेश्वरचं नाव आपल्याला दोन कारणांनी ऐकू येतं. हिवाळ्यात पक्ष्यांसाठी आणि पावसाळ्यात ‘जायकवाडीकडे इतके क्युसेक विसर्ग’ या बातमीत. एकाच पाण्याचे दोन कारभारी आहेत. दरवाजे जलसंपदा विभागाच्या हाती, पक्षी वन विभागाच्या. कालव्याला आवर्तन, म्हणजे सिंचनासाठी ठरल्या पाळीचं पाणी, सुटलं की पातळी झपाट्याने उतरते, भरताना तशीच चढते. वरून नाशिककडचं सांडपाणी येतं आणि जलपर्णी वाढते. भरतपूरच्या तुलनेत एक मोठी सोय इथे आहे: पाणी दरवर्षी बंधाऱ्यापर्यंत येतंच. फक्त ते कधी वर आणि कधी खाली, हे पक्ष्यांना विचारून ठरत नाही.

आवर्तनाच्या तारखा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात. त्या तारखांच्या टिपणात पाणथळीसाठी दोन ओळी आल्या तरी पुष्कळ होईल. पाण्यावर तरंगती घरटी करणाऱ्या कमळपक्ष्याच्या विणीच्या काळात पातळी एका रात्रीत हातभर हलवू नये. आणि हिवाळी पाहुणे असताना पाणी टप्प्याटप्प्याने उतरावं, म्हणजे दर आठवड्याला चिखलाचा नवा पट्टा उघडा पडेल. यासाठी शेतकऱ्याच्या वाट्यातला एक थेंबही कमी करावा लागत नाही. वन्यजीव विभागाने कोणत्या महिन्यात किती पातळी हवी याचा तक्ता करून त्या बैठकीत मांडायचा आणि जलसंपदा विभागाने आवर्तनाबरोबर तो पाळायचा, इतकं काम आहे.